खाटेपाशी शिकायचा विषय

वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी ही पुस्तिका करायची ठरली, तेव्हा सहकारी प्राध्यापकांनी एक प्रश्न हमखास विचारला. डॉक्टरला मानवी हक्क वेगळे शिकवायची गरज काय? आजार नीट ओळखावा, औषध नीट द्यावे, रुग्णाशी दोन शब्द आपुलकीने बोलावेत. एवढे केले की नीतीही आली आणि हक्कही आले. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सरकारी रुग्णालयांत उभे आयुष्य घालवलेले आहे. त्यांची चांगुलपणावरची श्रद्धा अनुभवातून आलेली आहे. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर देणे हे या प्रस्तावनेचे पहिले काम आहे.

९ डिसेंबर १९४६ रोजी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात तेवीस जणांवर खटला उभा राहिला. त्यांपैकी वीस डॉक्टर होते. छळछावण्यांतल्या कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून, मुद्दाम जखमा करून, हिवतापाची लागण करून त्यांनी प्रयोग केले होते. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला. सोळा जण दोषी ठरले, सात जणांना फाशी झाली आणि माणसावरच्या प्रयोगांसाठी न्यूरेंबर्ग संहितेची दहा तत्त्वे जगापुढे आली. प्रयोगात सामील होणाऱ्या व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती हे त्यांतले पहिले तत्त्व.

एवढा इतिहास बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो. मात्र त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. नवे उपचार आणि प्रयोग यांसाठी रुग्णाची संमती घ्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे जर्मनीत १९३१ सालीच निघाली होती. आणि नाझी राजवटीत वैद्यकीय नीती हा विषय बंद पडला नव्हता. १९३९ पासून तो जर्मन विद्यापीठांत सक्तीचा होता. विद्यार्थी त्याच्या व्याख्यानांना बसत होते, परीक्षा देत होते. त्या व्याख्यानांत शिकवले जात होते ते एवढेच, की डॉक्टरचे पहिले कर्तव्य राष्ट्राच्या आणि वंशाच्या आरोग्याशी आहे. समोरचा माणूस त्यानंतर.

आमच्या पुस्तिकेचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. नीतिनियम हे व्यवसायाने स्वतःला घालून घेतलेले बंधन असते. व्यवसायाची दिशा चुकली, सत्तेने दडपण आणले, समाजाचे पूर्वग्रह दवाखान्यात शिरले, की तेच नियम वाकवता येतात आणि वाकवणाऱ्याला आपण सदाचारी असल्याचे समाधानही मिळत राहते. हक्काचे तसे नाही. तो रुग्णाचा असतो. डॉक्टर दयाळू आहे की तुसडा, रुग्ण पैसे भरून आला आहे की केशरी कार्ड घेऊन, तो फिर्यादी आहे की बेड्या घातलेला कैदी, यावर तो अवलंबून नसतो. म्हणून नीती आणि हक्क हे दोन्ही एकत्र शिकवायला हवेत. नीतीने डॉक्टर आपल्या मनाकडे पाहतो. हक्कामुळे रुग्णाला डॉक्टरला जाब विचारता येतो.

दडपणाखाली चांगले शिकलेले डॉक्टर काय करतात, याचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको सप्टेंबर १९७७ मध्ये पोलीस कोठडीत होते. डोक्याला मार लागल्याच्या खुणा दिसत असताना दोन सरकारी डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि पोलिसांना सोयीचे होईल असेच लिहून दिले. त्यानंतर बिको यांना नग्न अवस्थेत, पोलिसांच्या गाडीत टाकून हजारभर किलोमीटरवरच्या प्रिटोरियाला नेण्यात आले. १२ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. तिथल्या वैद्यकीय परिषदेने आधी या डॉक्टरांवर कारवाई करायचे नाकारले. काही डॉक्टरांनीच न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे १९८५ मध्ये दोघांना दोषी ठरवले गेले. हे डॉक्टर कुणी खलनायक नव्हते. रोजचे काम करणारी, पोलिसांशी संबंध बिघडू नयेत असे वाटणारी ती माणसे होती. आपल्याकडच्या तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला एकटा असलेला वैद्यकीय अधिकारी याच जागी उभा असतो.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. डॉक्टरांच्या मते तिचे वय चौदा ते सोळा होते. हेच प्रकरण पुढे ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखले गेले. वैद्यकीय अहवालात तीन गोष्टी होत्या: अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेले, योनीत दोन बोटे सहज जातात. सत्र न्यायालयाने मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचे म्हटले आणि आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली, आणि त्यात जखमा नसणे हा मोठा मुद्दा ठरला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सर्वोच्च न्यायालयाला अनावृत पत्र लिहिले. देशभर आंदोलन उठले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

या खटल्यावर वकिलांनी भरपूर लिहिले. डॉक्टरांनी मात्र तो आपला मानला नाही. वास्तविक तो आपलाही आहे. तपासणाऱ्या डॉक्टरने खोटे काही लिहिले नव्हते; जे शिकवले गेले तेच लिहिले होते. दोष शिकवण्यात होता. योनीत किती बोटे जातात यावरून अत्याचार झाला की नाही हे कधीच ठरत नाही. घाबरलेली मुलगी प्रतिकार करू शकत नाही आणि तिच्या अंगावर ओरखडाही नसू शकतो, हे साधे शास्त्र आहे. ते पाठ्यपुस्तकात नव्हते आणि त्याच्या जागी समाजाचा पूर्वग्रह शास्त्राच्या भाषेत छापलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला, व्हायवात म्हणून दाखवला आणि कॅज्युअल्टीत कागदावर उतरवला.

हे मोडायला फार काळ लागला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या न्यायवैद्यकाच्या शिक्षकांनी या तपासण्यांच्या दर्जावर अहवाल केला आणि बदलासाठी चिकाटीने पाठपुरावा केला. मुंबईत ‘सेहत’ संस्थेने महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर पीडितांच्या तपासणीची माणुसकीची पद्धत बसवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे सांगितले. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती हद्दपार करावी. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या सुधारित अभ्यासक्रमात कौमार्याच्या जुन्या व्याख्या आणि समलैंगिक संबंधांना विकृतीच्या रांगेत बसवणारा मजकूर परत आला. ओरड झाल्यावर काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. अभ्यासक्रमाच्या एका ओळीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे यावरून कळावे.

कायद्याच्या बाजूने आपण दरिद्री नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत मानवी हक्कांचे स्वतंत्र कलम आहे: डॉक्टरने छळाला साहाय्य करू नये आणि दुसऱ्याने केलेला छळ लपवूही नये. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यावीत, हेही त्याच संहितेत आहे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपघातातल्या जखमीवर आधी उपचार करायचे, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचा खटला आला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले होते. वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या एकविसाव्या कलमाचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. एचआयव्हीबाधितांच्या संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. हे सगळे निकाल आणि कायदे पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात सोप्या मराठीत दिले आहेत. पण कलमे पाठ असलेला डॉक्टर आणि खाटेपाशी हक्क जपणारा डॉक्टर यांत मोठे अंतर आहे, आणि आमचा खरा रोख त्या अंतरावर आहे.

संमतीचेच घ्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याही स्त्रीरोग वॉर्डात काय दिसते? हाउसमन हातात पॅड घेऊन येतो.

“मावशी, इथं अंगठा करा. उद्या ऑपरेशन आहे.”

“कशाचं?”

“पिशवी काढायचीय ना. सरांनी सांगितलंय सगळं.”

मावशी शाईच्या पॅडवर अंगठा दाबतात. शाई पुसायला कापसाचा बोळा मिळतो. केस पेपरवर ‘संमती घेतली’ अशी नोंद होते. कागद पूर्ण झाला, पण संमती मिळालीच नाही. पिशवी का काढायची, औषधाने भागेल का, थांबले तर काय होईल, बीजकोष काढले तर या वयात हाडांवर आणि हृदयावर काय परिणाम होतील, यांतले काहीही बाईंना कळलेले नाही.

याचे फळ आपण बीड जिल्ह्यात पाहिले. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची संख्या तेरा हजारांच्या वर निघाली. त्यांत ऐन तरुण वयाच्या स्त्रिया होत्या. खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड बसतो, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीचा त्रास सोसवत नाही. आणि दवाखान्यात कुणीतरी सांगते की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. त्यांतल्या बहुतेकींच्या फायलीत संमतीपत्र असणारच. म्हणून संमती ही सहीपुरती शिकवून चालणार नाही. ती वैद्यकीय कौशल्य म्हणून, सराव करून घेऊन शिकवायला हवी.

आमच्या पुस्तिकेत त्याचा सराव असा मांडला आहे. विद्यार्थ्याने खाटेजवळ स्टूल ओढून बसावे. आजार, उपचार, दुसरे पर्याय आणि धोके रुग्णाच्या बोलीत सांगावेत. बाई अहिराणी किंवा गोंडी बोलत असतील तर ती भाषा जाणणाऱ्याला बोलवावे. मग ‘समजलं ना?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘हो’ हेच उत्तर येते. “घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, उद्या काय करणार आहेत म्हणून?” असे विचारावे. उत्तर चुकले तर रुग्णाला दोष न देता आपण पुन्हा सांगावे. आणि शेवटी एक वाक्य न विसरता म्हणावे: “तुम्ही नको म्हणालात तरी आम्ही दुसरा इलाज करू, तुम्हाला घालवून देणार नाही.” याला दहा मिनिटे लागतात. राऊंडच्या घाईत ती काढता येतात, हे ज्या शिक्षकांनी करून दाखवले आहे त्यांच्याकडूनच आम्ही हे घेतले.

याच धड्यात गर्भपाताच्या संमतीचा प्रश्न आहे. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरी अनेक ठिकाणी नवऱ्याची सही आणल्याशिवाय काम होत नाही. नवऱ्यापासून लपून आलेली, मार खाणारी, एकटी राहणारी स्त्री त्या अटीपाशी अडते आणि असुरक्षित जागी जाते. कायद्यात नसलेली अट घालणारा डॉक्टर स्वतःला सावध समजत असतो. त्याच्या सावधपणाची किंमत ती स्त्री मोजते.

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग आला, हे मोठे पाऊल आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयासारख्या थोड्या संस्थांनी जे दशकानुदशके स्वतःच्या हिमतीवर चालवले, ते आता देशभर लागू झाले. पण प्रत्यक्षात हा तास बहुधा दुपारी, मोठ्या लेक्चर हॉलमध्ये, पडद्यावरच्या स्लाइडवर होतो. लॉगबुकवर सही होते आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच विद्यार्थी वॉर्डात जातो, तिथे “बेड नंबर बाराला चांगली स्प्लीन आहे, हात लावून घ्या” असे ऐकतो आणि पंधरा जण रांगेने एका तापाने फणफणलेल्या माणसाचे पोट दाबतात. विचारत कुणी नाही, पडदा कुणी ओढत नाही. विद्यार्थी लेक्चर विसरतो, वॉर्ड विसरत नाही. वरिष्ठ जसे वागतात तसाच तो घडतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हा विषय खाटेपाशी यावा. तपासण्याआधी नाव सांगणे, परवानगी घेणे, पडदा ओढणे, हात ऊबदार करणे, दुखल्यावर थांबणे, पाचव्या विद्यार्थ्याला रुग्णाने नकार दिला तर तो मानणे, या गोष्टींना लाँग केसमध्ये गुण असावेत. यकृत किती बोटे लागते हे सांगणाऱ्याला गुण मिळतात, तसे रुग्णाचे अंग विनाकारण उघडे टाकणाऱ्याचे गुण जावेत. परीक्षेत जे विचारले जाते तेच आपले विद्यार्थी मनावर घेतात, ही वस्तुस्थिती मान्य करूनच आम्ही हे म्हणतो.

पुस्तिकेचा तिसरा भाग संशोधनाचा आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा प्रकल्प झाला, तेव्हा वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या वतीने मुख्याध्यापक आणि अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असू शकते; पण म्हणून पालकांना न विचारता मुलीचा दंड पुढे करायचा अधिकार कुणालाही मिळत नाही. प्रबंधासाठी रुग्ण गोळा करणाऱ्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने हे प्रकरण मुळातून वाचावे.

चौथा भाग अनेकांना अनपेक्षित वाटेल. तो खुद्द महाविद्यालयाविषयी आहे. ज्या संस्थेत विद्यार्थ्याचा मान राखला जात नाही, तिथे तो रुग्णाचा मान राखायला शिकणार नाही. दिल्लीच्या एम्समध्ये दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ मध्ये वसतिगृहापासून तोंडी परीक्षेपर्यंतचा भेदभाव देशापुढे मांडला. २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातल्या एका तरुण निवासी डॉक्टरचा आत्महत्येने झालेला मृत्यू आणि त्यामागचे जातीय छळाचे आरोप आपण विसरू शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात कामावर असलेल्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपलीकडे जाऊ नये, असे केंद्राच्या १९९२ च्या योजनेत लिहिले आहे. छत्तीस तास जागलेला हाउसमन हे आजही आपल्याकडे नित्याचे दृश्य आहे. थकलेला, अपमान गिळलेला डॉक्टर तो अपमान खाटेवरच्या माणसाकडे पोचवतो. रुग्णाचे हक्क आणि डॉक्टरचे हक्क एकमेकांविरुद्ध उभे नाहीत. रिकाम्या जागा, अपुऱ्या खाटा आणि तुटपुंजे औषध-बजेट दोघांनाही सारखेच चिरडते, आणि त्याविरुद्ध दोघांनी मिळून बोलायला हवे.

शिक्षकांना एक विनंती. प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रसंग दिले आहेत. त्यांची उत्तरे मुद्दाम दिलेली नाहीत. पोलिसांनी आणलेल्या आरोपीच्या पाठीवर वळ दिसतात आणि हवालदार “पडल्याचे लिहा” म्हणतो. बिल थकले म्हणून खासगी रुग्णालयात मृतदेह अडवून ठेवला आहे. सोळा वर्षांची गरोदर मुलगी ‘कुणाला सांगू नका’ म्हणून हात धरते आणि कायदा कळवायला सांगतो. अशा वेळी काय करावे यावर विद्यार्थ्यांना भांडू द्या. न्यायवैद्यक आणि सामुदायिक वैद्यक विभागांवर हा विषय ढकलू नका. शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बोलले तरच तो विद्यार्थ्यांना खरा वाटतो. परिचारिकांना चर्चेत बोलवा, कारण खाटेपाशी काय चालते ते सर्वांत जास्त त्यांना माहीत असते. आणि जमेल तेव्हा एखाद्या रुग्णालाच वर्गात बोलवून त्याचे ऐका.

पुस्तिका वाचून कुणी एका रात्रीत बदलेल असा आमचा दावा नाही. पण वळ दिसले तर वळ असे लिहायचे, त्यांची लांबी-रुंदी आणि रंग नोंदवायचा, खाली सही, तारीख आणि वेळ टाकायची, हे नक्की शिकवता येते. स्त्रीला तपासायच्या आधी विचारायचे, हे शिकवता येते. नकार ऐकून घ्यायचा, हेही शिकवता येते. हृदयाचे ठोके ऐकायला आपण जितक्या काटेकोरपणे शिकवतो, तितक्याच काटेकोरपणे हे शिकवू लागलो, तर एमबीबीएसच्या पदवीवर रुग्णाने ठेवलेल्या विश्वासाला आपण पात्र ठरू. त्यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. उद्या सकाळच्या राऊंडपासून सुरुवात करता येईल.